दहा लाखांत नऊ ठोके

३ मार्च, सोमवार

क्रिस्टल ठरत नाही.

बाकी सगळं ठरलं. चिप ठरली, अँटेना ठरला, बॅटरी ठरली. अडलं आहे ते तांदळाच्या दाण्याएवढ्या एका भागावर. आत गारगोटीची पातळ चकती. वीज दिली की थरथरते — सेकंदाला तीन कोटी वीस लाख वेळा. चिप त्या ठोक्यावर चालते. एक चकती डोंगरावरच्या खांबात, दुसरी वाडीतल्या बॉक्समध्ये. दोघींचे ठोके जुळले तर निरोप पोचतो. नाही जुळले तर खांब ओरडत राहतो आणि बॉक्सला काही ऐकू येत नाही.

पोलादपूरच्या वर कातळवाडी. नऊ घरं, एकोणतीस माणसं. वाडीच्या डोक्यावरच्या उतारात तीन खांब पुरायचे. माती हलली, खांब कलला, की बॉक्सने भोंगा वाजवायचा. तिथे मोबाइलला रेंज असून नसल्यासारखी. पावसात तीही जाते. म्हणून हा सगळा उद्योग.

रघुवीर सर फोनवर — "मेहविश, पुढच्या बुधवारी सामानाची यादी हवी. क्रिस्टलवर पीएचडी करू नकोस." कंपनी त्यांची, पुण्यात, सहा माणसांची. सातवी मी, महाडात, अब्बांच्या घड्याळाच्या दुकानावरच्या खोलीत.

आज दुसरा रोजा. दुपारनंतर आकडे डोळ्यांपुढे सरकतात.

५ मार्च, बुधवार

उमेदवार दोन.

एक साधा क्रिस्टल. तापला की ठोका बदलतो, गारठला तरी बदलतो. फार नाही. दहा लाख ठोक्यांत पाच, दहा, पंधरा.

दुसरा टीसीएक्सओ. त्याच्या पोटात थंडी-उष्णता सावरून घेणारी व्यवस्था असते. दहा लाखांत दोनही हलत नाही. पण महाग, वीज जास्त खातो, आणि माल यायला आठ आठवडे.

मला परवडतात नऊ. दहा लाखांत नऊ ठोके. दोन टोकांत त्याहून जास्त अंतर पडलं की निरोप बुडाला. ऐकण्याचा लहरींचा पट्टा रुंद केला तर परवडले असते तीस. पण मधे दरी आहे, झाडी आहे, ओली पानं आहेत. अरुंद कान लांबचं ऐकतो, मात्र सूर जरा हलला की ठार बहिरा.

नऊ लिहून ठेवलं भिंतीवर.

९ मार्च, रविवार

इफ्तारनंतर अब्बांना विचारलं. त्यांनी कतारमध्ये, दोह्यात, बावीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. घड्याळातही क्रिस्टलच असतो.

"गिऱ्हाईक यायचं, घड्याळ मागं पडतं म्हणायचं. मी उघडायचो, सगळं ठीक. मग विचारायचो, काढून ठेवता कुठं? तर म्हणे गाडीत, काचेमागं. मनगटावर बरोबर चालायचं, गाडीत बिघडायचं. घड्याळ तेच."

"मग काय करायचात?"

"गिऱ्हाइकाला दोन शिव्या. मनातल्या मनात. मेहू, घड्याळाला काय विचारतेस? ठेवणाऱ्याला विचार."

हे वेगळं आहे, म्हटलं. डोंगरावर कुठली गाडी?

१२ मार्च, बुधवार

ठरवलं. साधा.

कारणं लिहून ठेवते, म्हणजे नंतर मी ती बदलणार नाही. एक — बॅटरी जास्त टिकते. दोन — पावसाच्या आधी बसवायचंय, आठ आठवडे थांबता येत नाही. तीन — मी तपासून पाहिलं. नमुन्याची दोन्ही बोर्डं आमच्या फ्रिजमध्ये ठेवली तासभर. नंतर दोन्ही गच्चीवर पत्र्यावर, उन्हात. पाच अंशांपासून बावन्नपर्यंत. अंतर कुठेही तीनच्या वर गेलं नाही.

रघुवीर सरांनी विचारलं होतं, खात्री आहे ना? तू हो म्हणालीस की मी सही करतो.

हो म्हटलं.

१३ मार्च, गुरुवार

क्रिस्टलच्या पायांना जोडलेले कपॅसिटर पुन्हा मोजले. पंधरा पिकोफॅरड. बरोबर आहेत. काल रात्रीही बरोबर होते, सकाळीही. तरी मोजले.

२ एप्रिल, बुधवार

ईदच्या तिसऱ्या दिवशी पक्की बोर्डं आली. एक टेबलाच्या या टोकाला, एक त्या टोकाला. खांबाचं बोर्ड दर दहा मिनिटांनी "आहे" म्हणतं. बॉक्सचं बोर्ड ते लिहून ठेवतं. दिवसभरात एकही चुकलं नाही.

आनंद व्हायला हवा होता. मी पुढच्या "आहे"ची वाट पाहत बसले.

१८ मे, रविवार

बसवून आलो. रघुवीर सर पुण्याहून ताम्हिणी घाटाने आले, मी महाडहून. वाडीत मंगेश भेटला. मुंबईत लिफ्ट दुरुस्त करायचा, लॉकडाउनमध्ये परतला तो इथलाच झाला. खांब त्यानेच खणून पुरले. आमच्या दोघांच्या हाताला फोड, त्याला घामही नाही.

बॉक्सची जागा निवडायला वाव नव्हता. खांब असलेली घळ फक्त शेवटच्या घरातून दिसते. ते घर गोदावरीकाकींचं. एकट्या असतात. नवरा आणि थोरला मुलगा गेले. एक लेक नाते गावात, नात्याला, दिली आहे. ओटीच्या भिंतीवर बॅटरीवरचा बॉक्स ठोकला, वाशाला भोंगा बांधला. पट्टा रुंद करून पाहिला — काही येत नाही. अरुंद केला — "आहे".

काकी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "ह्यात हाय तरी काय?"

म्हटलं, गारगोटीचा तुकडा आहे, त्याच्यावर सगळं चालतं.

"गारगोटी? मग ती कशाला आणलीस गो एवढ्या लांबून? माझ्या वावरात पोत्यानं पडलीय."

मंगेश हसत सुटला. सरही.

भोंगा वाजवून दाखवला. कुत्री पळाली, म्हातारी माणसं दारात आली. वाजला की काय करायचं ते मंगेशने सांगितलं — काही घ्यायचं नाही, शाळेकडे चालायला लागायचं. शाळा पलीकडच्या सोंडेवर आहे. कुणी काही विचारलं नाही. समोरच्या डोंगरावर एकवीस सालच्या दरडीचा लाल पट्टा अजून आहे. त्यावर गवत उगवलं आहे, पण रंग वेगळा दिसतो.

निघताना काकींनी फणस दिला. "गारगोटीच्या बदल्यात."

१६ जून, सोमवार

"आहे" चुकतायत.

रेंज मिळाली की बॉक्स रोजची नोंद मला पाठवतो. पहिले पंधरा-वीस दिवस सगळं भरलेलं. आठवडाभरापासून भोकं. सकाळी सहा ते आठ. संध्याकाळी सहा ते साडेसात. मधल्या वेळेत सुरळीत.

खांब वर बोलतायत. दुपारच्या नोंदीत त्यांच्या बॅटऱ्या ठीक आहेत. बॉक्स ऐकत नाही.

१९ जून, गुरुवार

ओली पानं? मग दुपारी का पोचतं? पाऊस तर दिवसभर आहे.

धुकं? धुक्याला ही लहर जुमानत नाही.

दुसऱ्या कुणाचं यंत्र त्याच पट्ट्यात? त्या डोंगरात कुणाचं असणार?

क्रिस्टल नाही. क्रिस्टल तपासलेला आहे.

२२ जून, रविवार

रघुवीर सर — "पंच्याऐंशी टक्के पोचतंय. पहिल्या पावसाळ्यात हे उत्तम आहे."

म्हटलं, सर, उतार काय आपली टक्केवारी बघून खाली येणार आहे? दिवसाचे साडेतीन तास वाडीला कुणी राखण नाही. तेवढाच वेळ आणि रोज तीच वेळ.

त्यावर ते — "तुझं म्हणणं काय आहे?"

माझं म्हणणं काय आहे ते मलाच ठाऊक नाही. जेवण जात नाही. सावित्रीचं पाणी भोई घाटापाशी चढलंय का बघायला लोक जातात, तशी मी तासातासाला फोन उघडते.

२६ जून, गुरुवार

सोमवारी आणि मंगळवारी भोकं नाहीत. पूर्ण दोन दिवस. बुधवारी संध्याकाळपासून पुन्हा सुरू.

तक्ता टेबलावर पसरला होता. अब्बा चहा घेऊन वर आले, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि उभ्याउभ्या वाचू लागले. त्यांना त्यातलं काही कळत नाही असं मी धरून चालले होते.

"हा सहाला बंद होतो?"

"हो."

"सकाळीपण, संध्याकाळीपण." तक्त्यावर बोट ठेवून — "ही तर भाकरीची वेळ, मेहू."

मी मंगेशला फोन लावला. चौथ्यांदा लागला. सोमवार-मंगळवार गोदावरीकाकी कुठे होत्या?

"नात्याला लेकीकडं. घर बंद होतं. का हो ताई?"

बॉक्स कुठे आहे, मंगेश? ओटीवर आहे ना?

"ओटीवर कसा असल? भिजल ना तो. आत घेतलाय, मीच भोंग्याची वायर लांब करून दिली. एकदम सुक्या जागी हाय, काळजी नको."

सुकी जागा. अख्ख्या घाटाखालच्या मुलखात जून महिन्यात सुकी जागा एकच असते.

२९ जून, रविवार

अब्बांनी गाडी काढली. कशेडीकडच्या ट्रकांच्या रांगेमागून पोलादपूर, तिथून वर.

घरात शिरल्यावर आधी काही दिसेना. मग चुलीच्या वर टांगलेली बांबूची ताटी दिसली. तिच्यावर सुकट, लसणाच्या जुड्या, बियाण्याची पुडकी, काडेपेट्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशनकार्ड. आणि रेशनकार्डाला लागून माझा बॉक्स. धुराने काळा पडलेला. खाली भाकरी फुगत होती.

"ओटीची भिंत रडाया लागली," काकी म्हणाल्या. "तितं कशाला मरायला ठेवू त्याला? चुलीवर बियाणं जगतं, तर हा नाय जगायचा?"

घरातलं जे भिजून चालत नाही ते चुलीवर ठेवतात. ते मला ठाऊक होतं. आमच्याही जुन्या घरी पापड-सुकट तिथेच असायचं. ठाऊक होतं आणि तक्त्यात घेतलं नाही.

तापमापी ताटीवर ठेवला. चौसष्ट. बाहेर एकवीस, वर खांबापाशी त्याहून कमी. माझ्या फ्रिजमध्ये दोघं एकत्र गारठले, माझ्या गच्चीवर दोघं एकत्र तापले. एक चुलीवर आणि एक धुक्यात, असं मी त्यांना कधी ठेवलंच नाही. दोघांत आज तेरा ठोक्यांचं अंतर. परवडतात नऊ.

म्हटलं, काकी, चूल पेटली की ह्याला ऐकू येत नाही.

"माझ्या भाकरीनं कान बसतात होय त्याचे?"

"भाकरीने नाही. तापतो ना. आतली गारगोटी तापली की बिघडते."

"गारगोटी तापली की फुटते, ते आमच्या गुराख्याला पण म्हायती हाय. तू शिकलेली ना गो?"

अब्बा दारात उभे होते. ते बाहेर बघू लागले.

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. पाऊस फार असेल तेव्हा, तेवढ्यापुरती चूल बंद ठेवता येईल का? एखाद्या वेळी?

काकींनी भाकरी उलटली. मग म्हणाल्या, "चूल थंड कधी असते म्हायती हाय का तुला? घरात मयत असलं की. माझी दोनदा राह्यली. आता नाय राहायची."

बॉक्स प्लॅस्टिकमध्ये बांधून ओटीवर परत ठोकला. सगळ्यात आतल्या कोपऱ्यात. भोकं संपतील.

परतताना अब्बा एकदाही म्हणाले नाहीत की मी सांगितलं होतं. पोलादपुरात थांबून त्यांनी वडापाव घेतला. मी हातात धरून बसले.

३० जून, सोमवार

रघुवीर सरांना पत्र पाठवलं. चूक माझी. दोन्ही टोकं मी वेगळ्या तापमानांत तपासली नाहीत. बॉक्समध्ये टीसीएक्सओ हवा. खांब बदलायला नकोत. एक टोक स्थिर झालं की पुरे.

त्यांचा फोन. "चूल आपल्यापैकी कुणालाच सुचली नव्हती."

तुम्हाला सुचायची गरज नव्हती, म्हटलं. मी इथल्याच मुलखातली आहे.

बंगळूरला एका व्यापाऱ्याकडे सुटे चार नग आहेत. आजच मागवले.

२ जुलै, बुधवार

कालपासून बॉक्सचं काहीच नाही. भोकं नाहीत, नोंदच नाही.

दुपारी मंगेश — "ताई, मेला तो. दिवाच लागत नाय."

ओल. क्रिस्टलच्या दोन पायांमध्ये दवाचा थर बसला की ठोका सुरूच होत नाही. त्यावर वार्निशचा हात फिरवायचा असतो. मी फिरवला नव्हता. पेटी बंद आहे, पाणी आत जाणार नाही, असं धरलं होतं. पाणी जात नाही. हवा जाते. इथली हवाच पाणी आहे.

म्हटलं, परत चुलीवर ठेवा.

तासाभराने जिवंत झाला.

म्हणजे माझ्या दोन चुका होत्या. त्यातली एक काकी तीन आठवडे झाकून ठेवत होत्या, ताटीवर, रेशनकार्डाशेजारी.

५ जुलै, शनिवार

पुन्हा सकाळी सहा ते आठ. पुन्हा संध्याकाळी. आता निदान त्या वेळात तिथे काय चाललंय ते दिसतं. काटक्या, फुंकणी, परात. मी घड्याळ बघते आणि मनात म्हणते, आता तवा ठेवला असेल.

आता उतरव. उतरव लवकर.

११ जुलै, शुक्रवार

पार्सल आलं. चार नग. नखावर मावतात.

१२ जुलै, शनिवार

अब्बांच्या भिंगाखाली नवं बोर्ड डाकलं. त्यांनी भिंग धरलं. ठोका सुरू झाला. वार्निशचे दोन हात दिले.

या वेळी नीट तपासलं. बॉक्स गॅसशेजारी, सत्तर अंशांवर. खांबाचं बोर्ड बर्फात. अम्मी म्हणाली, स्वयंपाक करायचा आहे मला, तुझी प्रयोगशाळा उचल. अंतर चार. कुठेही नेलं तरी पाचच्या आत.

सोमवारी घेऊन जाते.

१४ जुलै, सोमवार

पोलादपूरपर्यंत गेलो. पुढे वाट नाही. वाडीच्या रस्त्यावर दरड, दोन झाडं आणि एक खांब विजेचा. जेसीबी आहे, डिझेल घेऊन येणारा माणूस पलीकडे आहे. पाऊस असा की समोरचा पोलीसही पुसट.

चालत जाते म्हटलं. त्या पोलिसाने अब्बांकडे बघितलं. "चाचा, समजवा जरा." अब्बांनी गाडी वळवली.

बॉक्स मांडीवर. तिथपासून सहा किलोमीटर.

१५ जुलै, मंगळवार

मंगेश सकाळी वरच्या टेपावर, रेंज येते तिथे, येऊन बोलला. आवाज तुटत होता.

उताराला भेग दिसत नाही, पण ओढ्याचं पाणी गढूळ झालंय. म्हटलं, सगळ्यांना आजच शाळेत हलवा. तो म्हणाला, शाळेचा पत्रा अर्धा उडालाय, तापाची दोन पोरं आहेत, वाजल्यावर जाऊ म्हणतात. "तुमचा भोंगा हाय ना ताई. त्याच्या भरवशावर झोपतात सगळी."

त्याच्या भरवशावर.

मी सगळं सांगितलं. चूल पेटलेली असताना तो बहिरा असतो. सकाळचे दोन तास, संध्याकाळचा दीड. नवा बॉक्स माझ्याकडे आहे, रस्ता नाही. त्या वेळात कुणीतरी जागं राहून उताराकडे बघा. काकींनाही सांगा.

"चूल पेटवू नका असं सांगू?"

नाही, म्हटलं. ते सांगू नका. ते मी एकदा विचारलं, पुन्हा नाही विचारायचं. नुसतं सांगा, पेटली की त्याला ऐकू येत नाही.

"सांगतो. पण ती माझं ऐकायची नाय. तिनं कुनाचंच आयकलं नाय कधी."

नंतर आवाज गेला.

१६ जुलै, बुधवार

टॉवर बंद. नोंद नाही, मंगेश नाही. रस्ता नाही.

महाडात नगरपालिकेचा भोंगा दोनदा वाजला. पेठेत पाणी येईल म्हणून अब्बांनी दुकानातली घड्याळं वर माझ्या खोलीत आणली. चाळीसेक घड्याळं टेबलावर, नव्या बॉक्सच्या भोवती. सगळी वेगवेगळी वेळ दाखवतात. कुणी जुळवलेली नाहीत.

मी सहा वाजलेले बघते. दोन्ही सहा.

अब्बांना विचारलं, तुम्ही कधी घड्याळ बिघडवलंत का, दुरुस्त करताना?

"पुष्कळ."

मग?

"घड्याळ बिघडलं की माणूस उशिरा पोचतो. तेवढंच." मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. माझ्या शेजारी बसून राहिले.

१७ जुलै, गुरुवार

काही नाही. पाऊस तसाच.

तेरा. चौसष्ट. नऊ. बारा मार्चला मी हो म्हटलं. अक्षर किती नीट आहे त्या पानावरचं.

१८ जुलै, शुक्रवार

अकरा वाजता मंगेश, पोलादपुरातून, कुणाच्या तरी फोनवरून.

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी भोंगा वाजला. साडेसातला उतार खाली आला. काकींचं घर गेलं, शेजारचा गोठा गेला, दोन म्हशी गेल्या. माणसं एकोणतीस. शाळेत. त्याने दोनदा मोजली होती, मी तिसऱ्यांदा आठवून नावं घ्यायला लावली.

सात दहा. चुलीची वेळ. विचारलं, त्याला ऐकू आलं कसं?

"मंगळवार संध्याकाळपासून चूल थंड हाय काकीची. भिजवलेले पोहे खाऊन होती. आम्ही दारात गेलो, घाबरून विचारलं, कोण गेलं गो काकी? तर बोलली, कोण जाऊ नये म्हणून."